खिडकीचं हँडल: वरून बघू नका, उलटं करून बघा

काउंटरवर मांडलेली तीन हँडलं बघा. तिन्ही काळीभोर, तिन्ही गुळगुळीत, तिघांना तोच बाक. एक दीड-दोनशेचं, दुसरं पाचशेच्या पुढचं, तिसरं युरोपातल्या कंपनीचं म्हणून त्याच्याही वर. फरक काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "वजन बघा ना साहेब." वजनावर गेलात तर फसलात. स्वस्त हँडल बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. एका घनसेंटिमीटर जस्ताच्या मिश्रधातूचं वजन साधारण ६.६ ग्रॅम आणि तेवढ्याच ॲल्युमिनियमचं २.७ ग्रॅम, त्यामुळे जस्ताचं हँडल हातात अडीचपट भरणारच. जड ते टिकाऊ हा हिशेब तांब्याच्या घंगाळाला ठीक आहे.

हे परीक्षण मुख्यतः बिजागरीवर उघडणाऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या हँडलचं आहे. ज्याच्या पाठीतून चौकोनी दांडा आत जातो आणि झडपेच्या कडेला लपलेल्या पट्ट्या वरखाली सरकवतो, ते हँडल. फॅब्रिकेटर (खिडक्या बनवून बसवणारे) या आतल्या यंत्रणेला मल्टिपॉइंट लॉक किंवा नुसतं 'गिअर' म्हणतात. सरकत्या खिडक्या आणि सागवानी खिडक्या शेवटी थोडक्यात येतील.

हँडल उलटं करा. मधोमध चौकोनी दांडा, त्याच्या वर आणि खाली एकेक स्क्रूचं भोक. आता एका हातात बूड धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. चांगल्या हँडलमध्ये दर ९० अंशांना एक स्पष्ट टक् जाणवतो आणि तिथे हँडल थांबतं. स्वस्तात हा टक् प्लास्टिकच्या चकतीवर असतो. ती उन्हातान्हात वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होते, मग हँडल स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं. हँडल ठरलेल्या जागी थांबलं नाही की लॉक अर्धवट सुटलेलं राहू शकतं आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला झडप खडखडते. चांगल्या मालात या जागी स्टीलची पट्टी आणि स्प्रिंग असते. बुडाच्या फटीतून ती दिसते, नाही दिसली तर कानाला कळते. प्लास्टिकचा आवाज बोदा येतो.

दुसरी जागा म्हणजे हँडलची मान, जिथे मूठ बुडाला मिळते. तुटलेली हँडलं जवळजवळ सगळी इथेच तुटतात. तुटलेला भाग उजेडात धरलात तर करडा आणि साखरेसारखा दाणेदार दिसेल, कधी मधे टाचणीच्या टोकाएवढी पोकळीही. ओतताना आत राहिलेली हवा ती. अशा सच्छिद्र ओतकामावर पावडर कोटिंगही नीट बसत नाही. भट्टीत तापल्यावर आतली हवा बाहेर येते आणि रंगाला बारीक फोड धरतात. म्हणून नवीन हँडलवर नख फिरवून फोड किंवा टाचणीची छिद्रं शोधा. सापडली तर ते हँडल तिथेच ठेवून पुढचं मागा.

मग निकाल काय? जस्ताचं हँडल सरसकट टाकाऊ नाही. मान जाड असेल, ओतकाम भरीव असेल आणि घर समुद्रापासून लांब असेल, तर स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या लहान झडपेला ते पुरतं. रोज उघडझाप होणाऱ्या मोठ्या झडपेला ॲल्युमिनियमचं, आत स्टीलची पट्टी असलेलं घ्यावं. पाचशेच्या आसपासचा हा मधला माल पैशाला सगळ्यात चोख आहे. स्टेनलेस स्टीलचं हँडल दिसायला देखणं, पण बरीचशी पत्र्याची पोकळ नळी असतात आणि बूड मात्र जस्ताचंच. म्हणजे दिसतं तिथे स्टील आणि जोर येतो तिथे जस्त. बुडासकट स्टील असेल तरच त्याचे जास्तीचे पैसे मोजा.

युरोपीय मालात हॉपे कंपनीच्या 'सेक्युस्टिक' हँडलचा उल्लेख करायला हवा. फिरवताना त्यात कुलपाच्या पिना बसल्यासारखी टिकटिक ऐकू येते. ती नुसती गंमत नसते: बाहेरून कुणी गिअरची पट्टी सरकवून हँडल फिरवायचा प्रयत्न केला तर आतला खटका ते अडवतो. तळमजल्याला आणि गॅलरीला लागून असलेल्या खिडकीला ही सोय कामाची आहे. दहाव्या मजल्यावर, बाहेरून ग्रिल असताना, तिच्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. लहान मूल असलेल्या घरात मात्र चावीचं हँडल घ्या, मजला कोणताही असो. फक्त चावी मुलाच्या हाताबाहेर पण मोठ्यांना अंधारात सापडेल अशा जागी टांगा.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट खोक्यावर शोधावी: ईएन १६७० ची श्रेणी. गंज किती सोसतो याची ही युरोपीय चाचणी आहे, मिठाच्या फवाऱ्यात ठेवून केलेली. श्रेणी ३ म्हणजे ९६ तास, ४ म्हणजे २४० तास, ५ म्हणजे ४८० तास. रत्नागिरी, मालवण, पणजी, मुंबईचा पश्चिम किनारा इथे ४ च्या खाली जाऊ नये. खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो माल नागपूरला खपवायचा आहे असं समजा.

हँडल बदलण्याआधी

सहा-आठ महिन्यांत दुसऱ्यांदा हँडल तुटत असेल तर दोष हँडलचा नाही. निरोगी खिडकीचं हँडल दोन बोटांनी फिरतं. दोन हात लावावे लागत असतील तर झडप खाली बसलेली आहे, लॉकची बोंडं चौकटीवरच्या खाचांसमोर येत नाहीत, आणि तो सगळा जोर त्या बिचाऱ्या मानेवर पडतोय. नवीन हँडल लावलंत तर तेही त्याच वाटेने जाईल.

तपासायला पाच मिनिटं लागतात. झडप उघडी ठेवून हँडल फिरवा. उघड्या झडपेत सुरळीत आणि बंद केल्यावर जड, तर चूक जुळणीत आहे. उघडी असतानाही जड, तर गिअर कोरडा किंवा खराब. हँडल गरागरा फिरतं पण पट्टी हलत नाही, तर एकतर दांडा हँडलमधून सुटलाय किंवा गिअरचं चौकोनी भोक गोल झालंय. यातलं कोणतं ते कळायला हँडल काढा, नुसता ७ मिलिमीटरचा चौकोनी दांडा गिअरमध्ये घाला आणि पकडीने फिरवा. पट्टी वरपासून खालपर्यंत पूर्ण सरकली तर गिअर ठणठणीत आहे, नवीन हँडल आणा. नाही सरकली तर गिअर बदलावा लागेल. त्याचं माप झडपेच्या उंचीवर ठरतं आणि ते काम फॅब्रिकेटरचं.

झडप बसल्याची खूण म्हणजे लॉकच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, चौकटीवर उमटलेला घासल्याचा पट्टा. बाहेर उघडणाऱ्या झडपेत आधी फ्रिक्शन स्टेचे, म्हणजे झडपेला आधार देणाऱ्या सरकत्या पट्टीचे, स्क्रू बघा. वरचे दोन-तीन हमखास ढिले सापडतात. टिल्ट अँड टर्न खिडकीत, म्हणजे आत उघडते आणि वरून आत कलतेही अशा खिडकीत, खालच्या बिजागरीला उंची कमीजास्त करायचा स्क्रू असतो, बहुतेक ठिकाणी ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा. अर्धा फेरा द्या, झडप लावून बघा, मग पुढचा अर्धा. यूपीव्हीसीत आणखी एक कारण असतं आणि ते सहज लक्षात येत नाही. काचेखालचे प्लास्टिकचे पॅकर चुकीच्या जागी बसवलेले असतात किंवा सरकलेले असतात. बिजागरीच्या बाजूला खाली आणि लॉकच्या बाजूला वर, असे तिरके पॅकर हवेत, म्हणजे काच झडपेला तोलून धरते. ते नसतील तर बिजागरी कितीही आवळा, महिन्याभरात झडप परत खाली.

मापं

सुदैवाने युरोपीय पद्धतीच्या हँडलची दोन मापं ठरलेली आहेत: दांडा ७ मिलिमीटर चौकोनी, आणि दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ४३ मिलिमीटर. स्क्रू एम५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे. ही दोन जुळली की कंपनी कोणतीही चालते. गडबड होते ती तिसऱ्या मापात, दांड्याच्या लांबीत. ती बुडाच्या सपाट पाठीपासून टोकापर्यंत मोजायची. सुटा दांडा काढून मोजलात तर हँडलच्या आतला भागही धरला जाईल. दांडा आखूड पडला तर गिअरमध्ये जेमतेम टोकाने अडकतो आणि काही महिन्यांत भोकाच्या कडा खातो. लांब झाला तर बूड झडपेला टेकत नाही, फट राहते, मग माणूस ती फट स्क्रू आवळून बुजवायला जातो आणि बुडाला तडा जातो. लांब दांडा हॅकसॉने कापता येतो. कापल्यावर चारही कडा कानशीने मोडायला विसरू नका, नाहीतर धारदार कीस गिअरमध्ये अडकतो. आखूड दांड्याला इलाज नाही. म्हणून शंका असेल तर लांब घ्या.

याच्याशी गल्लत होते ती दोन वेगळ्या जातींची. ॲल्युमिनियमच्या काही खिडक्यांत हँडलच्या पाठीला चौकोनी दांड्याऐवजी दोन शिंगं असतात, ती थेट पट्टीला ढकलतात. दांड्याचं हँडल तिथे बसणार नाही, दुकानदार काहीही सांगो. आणि जुन्या किंवा साध्या ॲल्युमिनियम खिडकीत गिअरच नसतो: हँडलला बाजूला एक नाक असतं आणि ते चौकटीवरच्या पट्टीमागे जाऊन अडकतं. इथे मोजायचं ते बुडाच्या पाठीपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची. बाजारात ती ९ पासून २१ मिलिमीटरपर्यंत मिळते. दोन मिलिमीटर कमी निघाली तर बुडाखाली प्लास्टिकची पट्टी टाकून भागतं. जास्त निघाली तर नाक सैल राहतं आणि रबर दाबलं जात नाही. मग पावसात त्याच कडेने पाणी झिरपतं. नाकवालं हँडल डावं-उजवं वेगळं असतं, आणि डावं कशाला म्हणायचं यावर दोन दुकानदारांचं एकमत होत नाही. जुनं हँडल सोबत नेणं हा एकच खात्रीचा मार्ग.

बसवणं

वरच्या मजल्यावर आधी झडप दोरीने ग्रिलला किंवा चौकटीला बांधा. हँडल काढलेली झडप वाऱ्याने सुटली तर धरायला काही उरत नाही. मग हँडल आडवं करा, म्हणजे खिडकी उघडी असतानाच्या जागी. बुडावरचं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण किंचित उचला आणि एक चतुर्थांश फिरवा. झाकणाखाली दोन स्क्रू दिसतील. इथे थांबून स्क्रूचं डोकं नीट बघा. प्लसच्या चार बोटांच्या मधे आणखी चार बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह आहे आणि त्याला पीझेड२ बिट लागतो. घरातला नेहमीचा पीएच२ (साधा फिलिप्स) त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की घसरतो आणि डोकं खातो. युरोपीय पद्धतीच्या मालात पोझिड्राइव्ह सर्रास असतो. दोनशे रुपयांच्या कामाचं दोन तासांचं काम होतं ते बहुतेक इथेच.

स्क्रू हलत नसेल आणि भोवती पांढरी भुकटी दिसत असेल तर ती ॲल्युमिनियमची गंज आहे. गंज सोडवायचं तेल सोडा, वीस मिनिटं थांबा, स्क्रूड्रायव्हर डोक्यात घट्ट बसवून मागून हातोडीचे दोन-तीन हलके टोले द्या आणि आधी किंचित आवळून मग सोडवा. तरीही नाही तर ५ मिलिमीटरच्या बिटने डोकं कापून काढा. हँडल निघेल आणि उरलेली दांडी पकडीने फिरवता येईल.

नवीन बसवताना गिअर आणि हँडल एकाच स्थितीत आहेत ना ते बघा. गिअर उघडा आणि हँडल बंद असं बसवलंत तर सगळं उलटं चालेल, आणि हे कळतं स्क्रू आवळून झाल्यावर. दोन्ही स्क्रू आधी हाताने तीन-चार आटे लावा, मग आळीपाळीने आवळा. ड्रिल मशिनने आवळू नका. गिअरचे आटे जस्ताचे असतात, मशिनच्या एका झटक्याला ते जातात आणि मग दोनशेच्या हँडलपायी गिअर बदलावा लागतो.

जुने स्क्रू नवीन हँडलला वापरायचा मोह होतो. बुडाची जाडी बदलली असेल तर लांबी जुळत नाही. यूपीव्हीसीत साधारण ४५ किंवा ५० मिलिमीटरचे एम५ लागतात. फार लांब स्क्रू मागे टेकतो; आवळला गेल्यासारखा वाटतो, हँडल मात्र डुगडुगतच राहतं. फार आखूड असेल तर नुसत्या प्लास्टिकला धरतो. स्वस्त बसवणीत कारागीर गिअरच्या आट्यांत न जाता बाजूला सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून मोकळा होतो. ते हँडल पहिल्या पावसाळ्यात हातात येतं.

स्क्रूच्या धातूबद्दल बाजारात चुंबकाची परीक्षा चालते: चिकटलं नाही म्हणजे स्टेनलेस. लोखंड ओळखायला ती ठीक आहे, पण स्टेनलेसच्या २०२ आणि ३०४ या दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत, आणि समुद्राच्या हवेत २०२ वर तांबूस डाग लवकर पडतात. पाकिटावर ए२ लिहिलं असेल तर ते ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचं. किनाऱ्यावर ए४ च घ्या. दोन स्क्रूंना असा किती फरक पडतो! स्वतः भोक पाडणारे चकचकीत सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बऱ्याचदा ४१० चे असतात, ते चुंबकाला चिकटतात आणि गंजतातही. लोखंडी स्क्रू तर ॲल्युमिनियमला नकोच. खारट ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमली की ॲल्युमिनियम झिजतं आणि भोक मोठं होत जातं. तसं झालंच असेल तर जाड स्क्रू कोंबण्यापेक्षा ७ मिलिमीटरचं भोक करून एम५ रिव्हनट (रिव्हेटसारखा पत्र्यात बसणारा आट्यांचा नट) बसवा. पत्र्यात पक्के आटे मिळतात आणि हँडल पुन्हा कधीही काढता येतं.

सरकत्या आणि लाकडी खिडक्या

ॲल्युमिनियमच्या डोमल किंवा पाऊण इंची सेक्शनच्या (चौकटीच्या पट्ट्यांच्या) सरकत्या खिडकीचं लॉक चाळीस ते शंभर रुपयांत मिळतं आणि खरं सांगायचं तर त्यात निवडण्यासारखं फार नसतं. अर्धचंद्राचं लॉक घेताना स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि डावं-उजवं बघा. स्क्रू अर्ध्या इंचापेक्षा लांब नको: पाऊण इंची मारलात तर टोक पलीकडे निघतं आणि मागची झडप सरकताना तिच्यावर ओरखडा काढतं. टच लॉकचा आकडा अडकत नसेल तर नवीन लॉक आणण्याआधी खालचे रोलर बघा. ते झिजून झडप दोन-तीन मिलिमीटर खाली आली असेल तर आकडा खाचेसमोर येणारच नाही. पॉप रिव्हेटने बसवलेलं लॉक काढायला रिव्हेटच्या मापाचाच बिट घ्या, ३.२ च्या रिव्हेटला ३.३, ४ च्या रिव्हेटला ४.१.

सागवानी खिडकीचं पितळी हँडल सहसा तुटत नाही, उपटतं. पावसाळ्यात झडप फुगून अडकते, ओढाओढ होते आणि स्क्रू लाकडातून सुटतात. रंधा मारायची घाई जुलैत करू नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की बोटभर फट पडेल. भोकात सागाची बारीक खुंटी सरसाने किंवा फेविकॉलने ठोकून रात्रभर सुकू द्या, वरून सपाट कापा आणि नवीन भोक पाडा. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात सरळ पिळलात तर मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पूर्ण आत घालून काढून घ्या, मग पितळी स्क्रूच्या आट्यांना साबण चोळून तो बसवा.

कुठे घ्यायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, दोन्हीकडे जुनं हँडल काउंटरवर ठेवलं की जुळणारं शोधून देतात आणि एक-दोन नगांनाही नाही म्हणत नाहीत. यूपीव्हीसीच्या हँडलची निवड मात्र तिथे तुटपुंजी असते. त्यासाठी यूपीव्हीसी सामानाचा विक्रेता किंवा खिडक्या बसवणारा फॅब्रिकेटर बरा. ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. मापांचं चित्र असलेलंच पान उघडा, त्यात ४३, ७ आणि दांड्याची लांबी हे तिन्ही आकडे हवेत. यातला एकही गायब असेल तर विक्रेत्याला विचारून लेखी उत्तर घ्या, परत पाठवताना तेच उपयोगी पडतं.

आणि घेताना एक जास्तीचं घ्या. याच बुडाचं हँडल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही, आणि वेगळ्या बुडाचं लावलं की झडपेवर जुन्याची फिकट चौकट उठून दिसते.